चूक केव्हा दाखवावी?

शिक्षक-प्रशिक्षणाच्या मानसशास्त्राच्या पुस्तकांत थॉर्नडाइकचे तीन नियम हटकून असतात: तयारीचा नियम, सरावाचा नियम आणि परिणामाचा नियम. परीक्षेत त्यांवर प्रश्न येतो, आपण उत्तर लिहितो आणि पुढे वर्गात उभे राहिल्यावर ते नियम विसरतो. विसरलो तरी बिघडत नाही, कारण त्यांतला दुसरा नियम खुद्द थॉर्नडाइकनेच १९३०च्या सुमारास मागे घेतला होता. नुसत्या सरावाने माणूस शिकत नाही, असे त्याला आढळून आले होते. पाठ्यपुस्तकांना मात्र ही बातमी अजून नीटशी पोचलेली दिसत नाही.

त्याचे मत बदलले ते एका अगदी साध्या प्रयोगामुळे. डोळे मिटून ठरावीक लांबीची रेघ कागदावर ओढायची. एकदा, दोनदा नव्हे, शेकडो वेळा. रेघ केवढी आली हे कोणी सांगायचे नाही. इतका सराव करूनही रेघांत काहीही सुधारणा होत नाही. पहिल्या दिवशी हात जेवढा चुकतो तेवढाच शेवटच्या दिवशी चुकतो. मात्र प्रत्येक रेघेनंतर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढे दोन शब्द सांगितले, की हात सुधारू लागतो.

१९३२ साली ट्रोब्रिज आणि केसन या दोघांनी हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. डोळे बांधलेल्या लोकांनी तीन इंचांची, म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटरची रेघ ओढायची होती. त्यांचे चार गट केले. पहिल्या गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला प्रत्येक रेघेनंतर एक निरर्थक शब्द ऐकवला. तिसऱ्याला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगितले. चौथ्याला रेघ किती आखूड किंवा किती लांब झाली ते इंचाच्या अष्टमांशांत, म्हणजे सुमारे तीन-तीन मिलिमीटरच्या मापात सांगितले. चौथा गट सर्वांत सरस ठरला, त्याच्या खालोखाल तिसरा. पहिले दोन गट जिथल्या तिथे राहिले. निरर्थक शब्द ऐकणाऱ्यांचा हात तर काही न ऐकणाऱ्यांपेक्षाही वाईट चालला. वर्गात सवयीने ‘हं, छान, छान’ म्हणत बाकांमधून फिरणाऱ्या आपणा सर्वांना हा दुसरा गट थोडा बोचायला हवा.

या प्रयोगांतून शिक्षणशास्त्राने एक सूत्र काढले. शिकणाऱ्याला त्याच्या कृतीचा परिणाम कळला पाहिजे. तो अचूक कळला पाहिजे, लगेच कळला पाहिजे आणि दर वेळी कळला पाहिजे. या माहितीला पुस्तकांतून ‘प्रत्याभरण’ असा जड शब्द वापरतात. हातांच्या बारीक कामांना, म्हणजे लिहिणे, चित्र काढणे, सुईत दोरा ओवणे, कंपासने वर्तुळ काढणे, ब्युरेटची तोटी हलक्या हाताने फिरवणे यांना, ‘सूक्ष्म कारक कौशल्ये’ म्हणतात. शब्द कसेही असोत; हे सूत्र जवळजवळ अर्धे शतक निर्विवाद मानले गेले. ते कितपत टिकते, हे आम्हांला येथे तपासायचे आहे.

पहिली हरकत अगदी उघड आहे, आणि तरीही ती ठळकपणे घेतली जायला फार वेळ लागला. वरच्या प्रयोगात हात किती सुधारला हे मोजले केव्हा? माहिती मिळत असतानाच. ‘दोन अष्टमांश लांब’ असे कळल्यावर पुढची रेघ जरा आखूड काढणे याला शिकणे म्हणायचे का? विजेच्या इस्त्रीतही हेच घडते. तापमान वाढले की आतली पट्टी वाकते आणि वीज बंद होते. कमी झाले की पुन्हा सुरू होते. इस्त्रीला क्षणोक्षणी प्रत्याभरण मिळते आणि ती आपले तापमान उत्तम राखते. पण वर्षभर असे केल्यावर ती पट्टी काढून टाकली, तर इस्त्रीने काय शिकलेले असते? काहीच नाही. कपडा जळतो.

तेव्हा शिकणे मोजायचे तर माहिती बंद करून मोजले पाहिजे, आणि तेही थोड्या अवधीने. उद्या किंवा आठवड्याने. मानसशास्त्रात याला धारण-चाचणी म्हणतात. ॲलन सॅल्मोनी, रिचर्ड श्मिट आणि चार्ल्स वॉल्टर यांनी १९८४ साली या विषयावरचे तोवरचे सारे संशोधन चाळून एक मोठा टीकालेख लिहिला, त्यातला मुख्य मुद्दा हाच होता. सरावाच्या वेळची कामगिरी वेगळी आणि शिकणे वेगळे. दोन्हींची गल्लत झाल्यामुळे जुन्या सूत्राला नको तितके वजन आले आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

ही गल्लत फक्त प्रयोगशाळेत होते असे नाही. शाळा तपासायला साहेब येतात तेव्हा त्यांच्यासमोर मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या ठेवल्या जातात. वर आपण लिहून दिलेली ओळ, खाली तिच्याकडे पाहत काढलेल्या दहा ओळी, मधूनमधून लाल शाई. वही सुरेख दिसते. तेच मूल इतिहासाच्या वहीत प्रश्नाचे उत्तर लिहिताना कसे लिहिते, ते कोणी पाहत नाही. पहिली वही कामगिरीची आहे. दुसरी शिकण्याची.

कामगिरी आणि शिकणे एकमेकांच्या उलट दिशेनेही जाऊ शकतात, हे दाखवणारा एक प्रयोग या टीकालेखाच्या बावीस वर्षे आधीच होऊन गेला होता. १९६२ साली कॅनडात लॅव्हरी या संशोधकाने लोकांकडून एक छोटी गोळी ठरावीक अंतरापर्यंत ढकलण्यासारखी साधी कामे करून घेतली. दिवसाला वीस प्रयत्न, असा सहा दिवस सराव. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर लगेच निकाल सांगितला. दुसऱ्या गटाला वीसही प्रयत्न संपल्यावर सगळे निकाल एकदम दाखवले. तिसऱ्या गटाला दोन्ही दिले: लगेचही सांगितले आणि शेवटी गोषवाराही दाखवला.

सरावाच्या सहा दिवसांत पहिला आणि तिसरा गट पुढे होते आणि दुसरा बराच मागे. तेथेच थांबले असते तर जुने सूत्र पुन्हा एकदा सिद्ध झाले असते. पण लॅव्हरीने नंतर निकाल सांगणे बंद करून पुढच्या दिवसांत आणि आठवड्यांनंतरही चाचण्या घेतल्या. आता दुसरा गट पुढे गेला. पहिल्या गटाची कमाई घसरली. आणि तिसरा? त्याच्याजवळ दुसऱ्या गटाला मिळालेली सगळी माहिती होती, शिवाय जास्तीची होती. तरीही तो पहिल्या गटाबरोबर घसरला.

या तिसऱ्या गटाकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे, कारण सगळा प्रयोग त्याच्यावर उभा आहे. दोनच गट असते तर म्हणता आले असते की गोषवाऱ्यात काही विशेष गुण आहे. पण गोषवारा तिसऱ्या गटालाही मिळाला होता आणि त्याचा उपयोग झाला नाही. म्हणजे गोषवाऱ्याने फायदा केला यापेक्षा ताबडतोब सांगण्याने काहीतरी हिरावून घेतले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. शिक्षकाला हे पचायला जड जाते. चांगली गोष्ट जास्त दिली तर जास्त चांगले होईल, हीच आपली सर्वसाधारण समजूत असते.

काय हिरावले गेले? आपला हात कोठे आहे आणि किती हलला हे आपल्याला डोळ्यांवाचूनही कळते. स्नायू, सांधे आणि त्वचा यांतून सतत संदेश मेंदूकडे जात असतात. म्हणूनच अंधारात आपण घास तोंडातच घालतो. हे आतले प्रत्याभरण फुकट मिळते, पण ते अस्पष्ट असते आणि त्याचा अर्थ लावायला शिकावे लागते. बाहेरून तयार उत्तर दर वेळी येत असेल, तर आतला संदेश वाचण्याचे कष्ट कोण घेणार? बाहेरचा आवाज थांबला की मग हात आंधळा होतो. श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेला मार्गदर्शनाचे गृहीतक असे नाव दिले: बाहेरची सूचना वाट दाखवते, पण तिचा आधार लागून राहतो. १९९० साली कॅरोली विन्स्टाइन आणि श्मिट यांनी हाताने दांडा ठरावीक लयीत आणि ठरावीक अंतरांनी फिरवण्याचे काम लोकांना शिकवले. एका गटाला दर प्रयत्नानंतर माहिती दिली. दुसऱ्याला निम्म्या प्रयत्नांनंतरच, तीही आधी दाट आणि मग विरळ होत जाणारी. सरावात दोन्ही गट साधारण सारखेच होते. दुसऱ्या दिवशी माहितीविना घेतलेल्या चाचणीत निम्मी माहिती मिळालेला गट पुढे होता. त्याच वर्षी स्विनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कृती संपताक्षणी निकाल सांगण्यापेक्षा काही सेकंद थांबून सांगितला तर धारण चांगले होते. त्या काही सेकंदांत माणूस स्वतःशी अंदाज बांधत असतो.

हे सगळे दांडे आणि गोळ्या यांच्याबद्दलचे झाले, असे कोणी म्हणेल. पण बारीक हातकामाचेही उदाहरण आहे. कॅनडातच झेरूलिस आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैद्यकीच्या नवख्या विद्यार्थ्यांना टाके घालून गाठ मारायला शिकवले. काहींच्या शेजारी तज्ज्ञ उभा राहून काम चालू असतानाच चुका सांगत होता. काहींना तेच तज्ज्ञ काम संपल्यावर सांगत होते. शिकवणी संपताच दोघेही काहीच मार्गदर्शन न मिळालेल्यांपेक्षा चांगले होते. महिन्यानंतर मात्र मागून सांगितलेल्यांचे कौशल्य टिकून होते. चालू कामात सांगितलेल्यांची आघाडी राहिली नव्हती.

येथवर वाचून कोणी उद्यापासून लाल पेन टेबलाच्या खणात टाकणार असेल, तर जरा थांबावे. जुने सूत्र मोडले म्हणून त्याचे उलटे केले की नवे सूत्र तयार होते, असे नाही. तशी फॅशन मात्र झाली. खेळाच्या प्रशिक्षणाच्या आणि व्यायामोपचाराच्या पुस्तकांतून ‘कमी सांगा, म्हणजे जास्त शिकतील’ हे जणू सिद्ध झाले आहे अशा थाटात येऊ लागले. त्यावरही तितकीच कडक हरकत घेणे भाग आहे.

एक तर काम गुंतागुंतीचे झाले की निकाल फिरतो. १९९८ साली वुल्फ, शे आणि माचिनर यांनी बर्फावरच्या घसरपट्टीसारख्या हालचाली करवणाऱ्या यंत्रावर लोकांना शिकवले. सगळ्या शरीराचा तोल आणि लय सांभाळण्याचे ते काम. येथे दर वेळी माहिती मिळालेलेच सरस ठरले. दुसरे असे, की वरचे बहुतेक प्रयोग कॉलेजातल्या तरुणांवर झालेले आहेत आणि आपल्यापुढे बसतात ती मुले. सलिव्हन, कंटक आणि बर्टनर यांनी २००८ साली हाच प्रश्न ८ ते १४ वर्षांची मुले आणि तरुण यांच्यात ताडून पाहिला. काम तेच दांड्याचे. काहींना दर वेळी माहिती, काहींना सुमारे ६२ टक्के वेळाच. दुसऱ्या दिवशी तरुणांत कमी माहिती मिळालेले पुढे होते. मुलांत नेमके उलटे झाले: ज्यांना दर वेळी सांगितले होते त्यांचाच हात अधिक अचूक राहिला. तिसरी ते आठवीच्या शिक्षकाने यातला कोणता निष्कर्ष आपला मानायचा, हे सांगायला नको.

तिसरी हरकत सर्वांत गंभीर आहे आणि ती आकड्यांची आहे. या क्षेत्रातले प्रयोग फार थोड्या माणसांवर केलेले असतात. लोहसे आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली पाहणी केली तेव्हा एका गटात साधारण अकराच्या आसपास माणसे आढळली. अकरा माणसांच्या सरासऱ्यांत पडलेला फरक केवळ योगायोगाचा असू शकतो, आणि फरक न सापडलेले प्रयोग बहुधा छापलेच जात नाहीत. मॅके आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली कमी प्रत्याभरणावरचे प्रयोग एकत्र करून त्यांचे गणित मांडले. कमी सांगितल्याने खरोखर अधिक शिकणे होते, असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांतून निघाला नाही. शिकणाऱ्याने स्वतः मागितली तेव्हाच माहिती द्यावी, या लोकप्रिय कल्पनेची त्यांनी त्याच वर्षी केलेली तपासणी तर आणखी निराशाजनक होती. विज्ञानात असे होते. पण ते शिक्षकापर्यंत येईतो निष्कर्ष तेवढा येतो आणि गटात माणसे किती होती हा आकडा वाटेत गळून पडतो.

मग आमच्या मते हाती काय उरते? सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांचा मूळ मुद्दा पूर्णपणे उरतो. शिकणे मोजायचे तर आधार काढून आणि अवधी जाऊ देऊन मोजा. याला लहान नमुन्यांची हरकत लागू पडत नाही, कारण तो निष्कर्ष नसून मोजण्याची रीत आहे. ‘किती वेळा सांगावे’ हा प्रश्न मात्र चुकीच्या जागी विचारला गेला असे आम्हांला वाटते. आधी विचारायला हवे की त्या कामात मुलाला स्वतःला काय दिसते. डोळे बांधून काढलेल्या रेघेत काहीच दिसत नाही. म्हणून तेथे बाहेरच्या शब्दावाचून शिकणे अशक्य असते. उलट अकरावी-बारावीच्या अनुमापनात चंचुपात्रातला रंगच सगळे सांगत असतो. एका थेंबाने गुलाबी छटा येते आणि टिकते. शेजारी उभे राहून आपण ‘थांब, थांब, बंद कर!’ म्हणालो, तर विद्यार्थी आपल्या तोंडाकडे पाहतो, पात्राकडे नाही. येथे गप्प राहणे रास्त, आणि तीन-चार वाचने झाल्यावर ती शेजारी-शेजारी मांडून बोलणे रास्त.

अक्षर या दोहोंच्या मधले आहे. काढलेले अक्षर मुलाला दिसते, पण ते कसे असायला हवे होते याची प्रतिमा त्याच्या मनात पक्की नसते. ‘घ’ आणि ‘ध’ यांत कोणता फरक पाहायचा हेच ठाऊक नसेल, तर डोळे उघडे असून रेघ डोळे मिटून काढल्यासारखीच. अशा वेळी सांगितलेच पाहिजे, आणि ते ट्रोब्रिज-केसनच्या चौथ्या गटासारखे नेमके सांगितले पाहिजे: ‘नीट काढ’ असे नव्हे, तर ‘ध ची शिरोरेघ पूर्ण नाही, गाठीपाशी तुटते’ असे.

आणखी एक गोष्ट वेगाची. रॉबर्ट वुडवर्थने १८९९ साली तालयंत्राच्या ठोक्यांवर लोकांकडून पेन्सिलीच्या रेघा मारून घेतल्या, कधी डोळे उघडे ठेवून, कधी मिटून. मिनिटाला वीस रेघा या संथ गतीत उघड्या डोळ्यांचा खूप फायदा होता. मिनिटाला १४० च्या वर गेल्यावर काहीच उरला नाही. डोळ्यांनी पाहून हात दुरुस्त करायला वेळच मिळत नव्हता. सराईत माणसाच्या लिहिण्यात एकेक फटकारा तर याहून कितीतरी थोड्या वेळात संपतो. म्हणजे सराईत हात रेघ चालू असताना ती सुधारत नाही. आधीच ठरवून सोडतो. पहिलीतले मूल मात्र रेघेच्या टोकाकडे पाहत, पेन्सिल ढकलत अक्षर काढते. पहिल्या अवस्थेतून दुसरीत जायचे, तर कधीतरी नमुन्यावरची नजर काढावीच लागते. ठिपके जोडणे, कित्ता गिरवणे, बाईंनी हात धरून वळवणे हे पहिल्या काही दिवसांपुरते ठीक. महिनोन्‌महिने गिरवत राहणे म्हणजे लॅव्हरीचा पहिला गट.

अमेरिकेत व्हर्जिनिया बर्निंगर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अक्षराच्या अडचणी असलेल्या पहिलीतल्या १४४ मुलांवर वेगवेगळ्या रीती ताडून पाहिल्या. सर्वांत चांगली ठरली ती अशी: रेघा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या दिशेने काढायच्या हे क्रमांक व बाण घालून दाखवलेले अक्षर मुलाने नीट पाहायचे, मग ते झाकायचे आणि आठवून लिहायचे. नुसते पाहून उतरवण्यापेक्षा ही रीत सरस ठरली. या प्रयोगात दर गटात अकरा नव्हे, तर २४ मुले होती. फार नव्हेत, पण बरी.

पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येक अक्षराला सूचना देणे कोणालाच शक्य नाही, आणि त्याबद्दल मनाला लावून घ्यायचेही कारण नाही. करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. १९७८ साली होगन आणि यॅनोविट्झ यांनी माहिती देण्याआधी शिकणाऱ्याला स्वतःची चूक अंदाजाने सांगायला लावली. पुढे माहिती बंद झाल्यावर असा अंदाज करणाऱ्यांची कामगिरी टिकली, इतरांची घसरली. वर्गात याला खर्च नाही. ओळ लिहून झाल्यावर मुलाने त्या ओळीतल्या सर्वांत चांगल्या अक्षरावर आणि सर्वांत बिघडलेल्या अक्षरावर स्वतः खूण करायची, मग वही आपल्याकडे आणायची. आपण त्या खुणांशी सहमत आहोत की नाही, एवढेच सांगायचे. खूण भलत्याच अक्षरावर असेल, तर त्या मुलाला अजून फरक दिसत नाही असे समजावे आणि त्याला शेजारी बसवून दाखवावे.

वरच्या वर्गांना लॅव्हरीचा प्रयोग दोन आठवड्यांत करून पाहता येईल. डोळे मिटून ८ सेंटिमीटरची रेघ, दिवसाला वीस, सहा दिवस. तीन गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत. हुशार मुले एकीकडे असे होऊ देऊ नये. पहिल्या गटाला जोडीदाराने दर रेघेनंतर पट्टीने मोजून चूक मिलिमीटरमध्ये सांगावी; दुसऱ्याला वीस चुकांचा आलेख दिवसाअखेर दाखवावा; तिसऱ्याला दोन्ही. सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी काहीही न सांगता वीस-वीस रेघा घ्याव्यात आणि चुकीचे चिन्ह सोडून सरासरी काढावी. गटात पंधरा-वीस मुले मिळाली तर उत्तम. कमी असतील तर दोन तुकड्या एकत्र कराव्यात. रोज नवा कोरा कागद वापरावा, कारण उठलेल्या रेघेचा वळ बोटाला लागतो आणि मग आपण डोळ्यांऐवजी बोटांना उत्तर सांगत असतो.